बारा महिन्यांच्या आत लाकूड

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शेतकरी हजार वर्षांपूर्वी गुलेन या ठिकाणी जमत, तंटे सोडवत, कायदे ठरवत. त्या सभेचं नाव गुलाटिंग. कित्येक पिढ्या तोंडी चालत आलेले तिथले कायदे बाराव्या शतकापर्यंत लिहिले गेले होते आणि तेराव्या शतकातली त्यांची एक प्रत आजही शाबूत आहे. खून, चोरी, वारसा, गुरंढोरं अशा विषयांच्या गर्दीत त्यात चर्चविषयीही एक कलम सापडतं. चर्च मोडकळीला आलं, त्याचे कोपऱ्याचे खांब पडले, तर बारा महिन्यांच्या आत नवं लाकूड जागेवर आलं पाहिजे, असं ते सांगतं.

हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातला देव दिसला नाही, सुतार दिसला. ज्यांनी हा कायदा केला त्यांना पक्कं ठाऊक होतं, की आपण बांधलेलं चर्च कुजणार आहे. आधी कुठून कुजणार तेही ठाऊक होतं: कोपऱ्यातून, पायातून. त्याबद्दल कसला शोक नाही, की देवाची करुणा भाकणं नाही. लाकूड आणा, वर्षाच्या आत आणा, एवढंच.

उत्तर युरोपातल्या खेड्यांमधली ही लाकडी चर्चेस नॉर्वेजियन भाषेत ‘स्टावकिर्के’ म्हणून ओळखली जातात. ‘स्टाव’ म्हणजे उभा खांब. एकेकाळी एकट्या नॉर्वेत ती हजाराहून जास्त असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज उरलीत 28. ही 28 कशी राहिली आणि बाकीची कशी गेली, या दोन प्रश्नांमागे लागून मी तिकडे गेलो. वाटलं होतं, आग, युद्ध आणि हवामान यांची कहाणी ऐकायला मिळेल. तीही मिळाली. पण खरी कहाणी दोन कायद्यांची निघाली.

लॅर्दालच्या दरीतलं बोर्गुंडचं चर्च नजरेला पडायच्या आधी नाकाला कळतं. उन्हाच्या दिवशी पाइनच्या डांबराचा वास वाऱ्याबरोबर रस्त्यापर्यंत येतो. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या डांबराचा तो उग्र वास नव्हे. धूर, राळ आणि थोडीशी जळकी साखर एकत्र केल्यासारखा हा वास असतो. मग वळणावर ते दिसतं. एकावर एक चढत गेलेली छपरं, त्यांवर माशाच्या खवल्यांसारखी बसवलेली लाकडी कौलं, वरच्या छपरांच्या टोकांना बाहेर मान काढलेली ड्रॅगनची डोकी आणि खालच्या तिकोनांवर क्रूस. सगळं काळं. इतकं काळं, की शेजारच्या कुरणाचा हिरवा रंग डोळ्यांना बोचतो. वृक्षवलयांवरून या चर्चच्या लाकडाचं वय काढलंय. 1180 च्या सुमारास तोडलेली ती झाडं आहेत.

आत शिरलं की पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. मूळच्या बांधणीत खिडक्या नव्हत्याच. भिंतीत अगदी वर, छपराच्या कडेला, वाटीच्या तोंडाएवढी गोल भोकं आहेत, तेवढाच उजेड. हळूहळू खांब दिसू लागतात. जहाजाच्या डोलकाठ्यांसारखे सरळ, गोल, वर अंधारात नाहीसे होणारे. गर्दी उभीच राहायची, भिंतीलगतचे बाक म्हाताऱ्यांसाठी. मला त्या अंधाराचं आधी नवल वाटलं, मग तो पटला. मेणबत्ती लावली की जेवढं दिसेल तेवढंच महत्त्वाचं, अशी ती जागा आहे.

बांधणी समजून घ्यायला मात्र पुन्हा बाहेर येऊन गुडघ्यांवर बसावं लागलं. सगळी हुशारी जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. आधी दगडांचं बुटकंसं जोतं. त्यावर चार जाड ओंडके एकमेकांना छेद देऊन आडवे टाकलेले, फुल्या-गोळ्यांच्या खेळात पाटीवर रेघा मारतो तसे. या ओंडक्यांच्या आधारावर उंबऱ्याची लाकडं आणि खांब. कोपऱ्याचे चार खांब खालून पोकळ करून उंबऱ्यांच्या जोडावर टोपीसारखे बसवलेले, म्हणजे पावसाचं पाणी खांबावरून ओघळलं तरी सांध्यात शिरत नाही. भिंतीच्या फळ्या उभ्या. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला जीभ, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. खालचं टोक उंबऱ्याच्या खोबणीत, वरचं टोक पाटाच्या खोबणीत. आत मधल्या खांबांना जोडणाऱ्या आडव्या तुळया दोन बाजूंनी चिमट्यासारख्या धरलेल्या, त्यांच्यामध्ये फुलीच्या आकाराचे आडण, आणि कोनांत गुडघ्यासारखी वाकलेली लाकडं. ही वाकलेली लाकडं कापून वाकडी केलेली नाहीत. झाडाचं खोड जिथे मुळाला वळतं तिथला नैसर्गिक बाक शोधून ती काढलेली आहेत, त्यामुळे लाकडाचे तंतू तुटत नाहीत. छपराखाली कैच्या. सांधे लाकडी खुंट्यांनी धरलेले. वादळात हे सगळं किंचित हलतं, करकरतं आणि पुन्हा जागेवर येतं.

ही हुशारी एका दिवसात आलेली नाही. त्याआधीच्या पिढीने खांब सरळ जमिनीत पुरले होते. अकराव्या शतकात, राजा ओलाव्ह 1030 मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडल्यानंतर नवा धर्म गावोगाव रुजत गेला, तेव्हाची चर्चेस अशीच होती. खड्डा खणायचा, खांब रोवायचा, माती दाबायची. उर्नेस इथे 1956-57 मध्ये पुरातत्त्वज्ञ हॉकॉन क्रिस्टी यांनी चर्चच्या फरशीखाली उत्खनन केलं, तेव्हा उभ्या असलेल्या चर्चच्या पोटात आणखी जुन्या चर्चच्या खांबांचे खड्डे सापडले. लाकूड पूर्ण पाण्यात टिकतं, पूर्ण कोरडं टिकतं. माती आणि हवा जिथे भेटतात, तिथे मरतं. पुरलेला खांब नेमका तिथेच मरे. माणसाच्या एका आयुष्यात ही गोष्ट दोनदा पाहिल्यावर कुणीतरी खांब जमिनीतून वर उचलला. कुणी, ते कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या लेखी मात्र युरोपच्या वास्तुकलेतला हा एखाद्या कॅथेड्रलच्या घुमटाइतकाच मोठा क्षण आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात ग्रीनस्टेड नावाच्या गावी ओकच्या अर्ध्या चिरलेल्या ओंडक्यांची भिंत असलेलं चर्च आहे, तेही साधारण त्याच काळातलं. त्या ओंडक्यांचे कुजलेले पाय 1848 मध्ये कापून खाली विटांचं जोतं घालावं लागलं. नॉर्वेच्या सुतारांना तो धडा सातशे वर्षं आधी मिळाला होता.

उर्नेसला जायला सोल्वोर्नच्या धक्क्यावरून छोटी फेरी पकडावी लागते. लुस्टराफ्योर्डचं हिरवट पाणी ओलांडून पलीकडे उतरलं की रास्पबेरीच्या मळ्यांमधून चढ आहे. हे चर्च 1130 च्या सुमाराचं, 28 मधलं सगळ्यांत जुन्यांपैकी एक, 1979 पासून जागतिक वारसा यादीत. पण लोक तिथे जातात ते त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीसाठी. तिथलं प्रवेशद्वार चर्चपेक्षाही जुनं आहे. ते 1070 च्या आसपास कोरलेलं. जुनं चर्च काढलं तेव्हा त्याची दाराची चौकट, एक खांब, काही फळ्या सुतारांनी जपून नव्या भिंतीत बसवल्या. दार अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. बाजूच्या फळ्यांवर तळहातभर खोल कोरीव काम. एक सडपातळ चतुष्पाद सापाला चावतोय, साप त्याला चावतोय, आणि बाकी सगळीकडे वेलीसारखे गुंतलेले साप. कधी जाड कधी बारीक होत जाणाऱ्या त्यांच्या रेषा इतक्या सलग आहेत, की बोटाने माग काढायला गेलो तर सुरुवातच सापडेना. व्हायकिंग कलेच्या अखेरच्या शैलीला या गावाचंच नाव मिळालं.

तो प्राणी म्हणजे सिंह, आणि सिंह म्हणजे ख्रिस्त, असं काही विद्वान म्हणतात. काहींना त्यात जुन्या धर्मातला जगाचा अंत दिसतो. मला त्याहून मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. साठेक वर्षांनी नवं चर्च बांधणाऱ्यांची आवड बदललेली होती. आतल्या खांबांची डोकी त्यांनी दक्षिणेकडच्या दगडी चर्चच्या धाटणीची केली. तरीही आजोबांच्या पिढीचं काम त्यांनी जाळलं नाही. ते भिंतीत ठेवलं, तेही मानाने.

गावकऱ्यांचं जगणं या चर्चेसमध्ये फक्त प्रार्थनेपुरतं नव्हतं. लोमच्या चर्चची फरशी 1973 मध्ये उचलली गेली, तेव्हा फटींमधून खाली पडलेल्या नाण्यांबरोबर एक रूनिक अक्षरं कोरलेली काठी सापडली. हावर्ड नावाच्या एका तरुणाने एका मुलीला घातलेली ती लग्नाची मागणी आहे. कोल्बैनशी तुझं ठरलं नसेल तर विचार कर आणि कळव, असा तिचा आशय. बोर्गुंडच्या भिंतीवर सेंट ओलाव्हच्या सणाच्या संध्याकाळी इथून जाताना आपण हे कोरलं, असं कुणा थोरिरने लिहून ठेवलंय. चर्चला लागूनच डोंगर ओलांडणारी जुनी वाट आहे. दमलेला वाटसरू, हातात सुरी, समोर मऊ फळी. भिंतीवर नाव कोरू नये असं लहानपणापासून शिकलो, तरी थोरिरचा मला राग आला नाही.

आणि हेड्डालची गोष्ट. तेलेमार्क भागातलं हे चर्च 28 मध्ये सगळ्यांत मोठं, उंची सुमारे 26 मीटर, लांबून पाहिलं तर अख्खा लाकडी डोंगर. गावात सांगतात, की राउड नावाच्या शेतकऱ्याला चर्च बांधायचं होतं, तेव्हा एक अनोळखी कारागीर आला. त्याने अट घातली. एक तर आकाशातून सूर्य-चंद्र आणून दे, नाहीतर स्वतःच्या काळजाचं रक्त दे, आणि दोन्ही नको असेल तर माझं नाव ओळख. कारागिराने पहिल्या रात्रीत सामान आणलं, दुसरीत मनोरा उभा केला. राउड घाबरला. शेतात भटकताना डोंगराच्या आतून बाईचं गाणं त्याच्या कानी आलं. ती बाळाला सांगत होती, की उद्या फिन तुला खेळायला चंद्र आणून देईल. नाव कळलं. फिन हा ट्रोल होता आणि चर्चच्या घंटेचा आवाज सहन न होऊन तो गाव सोडून गेला, असं म्हणतात. एवढं मोठं काम माणसांनी केलं यावर गावाचाच विश्वास बसेना, त्यातून ही गोष्ट जन्मली असावी.

1349 मध्ये काळा मृत्यू, म्हणजे प्लेग, बेर्गेनच्या बंदरात उतरला. देशातली निम्मी किंवा त्याहून जास्त माणसं गेली. शेतं ओस पडली, काही गावं पुन्हा वसलीच नाहीत. नवी चर्चेस बांधायला ना हात उरले ना गरज. दोनशे वर्षांत शिगेला पोचलेली कला तिथेच थांबली. जी चर्चेस उभी होती ती रानात एकटी राहिली. 1537 मध्ये राजाने नॉर्वेत लूथरपंथ लागू केला आणि प्रवचन ऐकणं हे उपासनेचं मुख्य अंग झालं. मग भिंती कापून खिडक्या आल्या, बाक आले, व्यासपीठ आलं, सज्जे आले. काही चर्चेसना पंख फुटले. लोमचं चर्च सतराव्या शतकात क्रूसाच्या आकाराचं झालं. लाकडाचा हा एक गुण आहे, ते बदल सोसतं.

आता दुसरा कायदा.

1801 च्या शिरगणतीत नॉर्वेची लोकसंख्या नऊ लाखांच्या आत होती. 1855 पर्यंत ती पंधरा लाखांच्या जवळ गेली. देवी काढणं सुरू झालं होतं, बटाटा आला होता, मुलं जगू लागली होती. चर्चमध्ये माणसं मावेनात. 1851 मध्ये चर्च आणि दफनभूमीविषयीचा नवा कायदा झाला. चर्चच्या हद्दीतल्या लोकसंख्येच्या तीन-दशांश माणसांना चर्चमध्ये जागा मिळालीच पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. यात वाईट काय? काहीच नाही. म्हणून तर तो इतका घातक ठरला. कुणी चर्च पाडा म्हटलं नव्हतं. फक्त जागा मोजा म्हटलं होतं. जागा मोजली की जुनं चर्च नापास होई. मग गावकरी नवं, पांढरं, उजेडाचं चर्च बांधत आणि जुन्याची फळी न् फळी लिलावात जाई. कुणाच्या गोठ्यात खांब लागला, कुणाच्या कोठाराला दार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शंभराच्या आत उरलेली ही चर्चेस शतक संपेपर्यंत तिशीच्या खाली आली. 

गावकऱ्यांना दोष देणं मला जमत नाही. जुनं चर्च अंधारं होतं, थंड होतं, गळत होतं, आणि त्यात त्यांच्या मुलांना बसायला जागा नव्हती. ऑलच्या लोकांनी 1880 मध्ये आपलं चर्च पाडलं, पण त्याचं चित्रांनी भरलेलं छत ऑस्लोच्या संग्रहालयात पोचलं. तोर्पोच्या लोकांनी त्याच वर्षी वेदीचा भाग पाडला आणि मुख्य दालन तेवढं राहिलं. आजही ते मान उडवलेल्या धडासारखं उभं आहे. ते बघून मी बराच वेळ तिथल्या कुंपणाला टेकून बसलो.

जुनी चर्चेस हातची जाताहेत, हे या कायद्याच्याही आधी दिसलं होतं ते एका चित्रकाराला. योहान क्रिस्टियान डाल, बेर्गेनच्या कोळ्याचा मुलगा, ड्रेस्डेनला कला अकादमीत प्राध्यापक झाला. परदेशात राहून त्याला आपल्या देशाची जी चीज कळली ती देशातल्यांना कळत नव्हती. 1837 मध्ये त्याने ड्रेस्डेनला या चर्चेसच्या रेखाचित्रांचं पुस्तक काढलं. वाल्ड्रेस भागातलं वांगचं चर्च पाडलं जाणार हे त्याला कळलं, तेव्हा देशात ते वाचवायला कुणी पुढे येईना. शेवटी 1841 मध्ये प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याच्यासाठी ते विकत घेतलं गेलं. सुटे भाग करून, जहाजाने श्टेटीनला, तिथून बर्लिनला, आणि अखेर सायलेशियाच्या डोंगरात, आज पोलंडमध्ये असलेल्या कार्पाचला. 1844 च्या उन्हाळ्यात राजाच्या उपस्थितीत तिथे त्याचं अर्पण झालं. वाटेत बरंच मूळ लाकूड गेलं, आकार बदलला, वाऱ्याला अडवायला शेजारी दगडी मनोरा आला. 1945 नंतर आजूबाजूची भाषाही जर्मनची पोलिश झाली. पण कोरलेली दारं वांगचीच आहेत आणि चर्चमध्ये अजून उपासना चालते.

वांग गेल्याचा धसका कामी आला. त्याच 1844 च्या डिसेंबरमध्ये डाल आणि त्याच्या मित्रांनी प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी एक संस्था काढली. ती आजही आहे. तिने 1877 मध्ये बोर्गुंड आणि 1881 मध्ये उर्नेस ताब्यात घेतलं. बोर्गुंडला नवं चर्च 1868 मध्येच शेजारी झालं होतं, म्हणून जुन्याला कुणी हात लावला नाही. व्हिक गावचं होप्पेरस्टाडचं चर्च पेटर ब्लिक्स नावाच्या वास्तुविशारदाने 1880 च्या दशकात सावरलं. बाहेरचं गेलेलं सगळं त्याने बोर्गुंड समोर ठेवून नव्याने केलं, म्हणून आज ती दोन चर्चेस बाहेरून भावंडांसारखी दिसतात. अंदाजाने पुरं केलेलं काम आजच्या तज्ज्ञांना खटकतं. त्याने ते केलं नसतं तर आपल्यापुढे लाकडाचा ढिगारा असता, हे विसरून चालणार नाही.

6 जून 1992 च्या पहाटे बेर्गेनजवळचं फान्टॉफ्टचं चर्च कुणीतरी पेटवलं. बाराव्या शतकातलं हे चर्च सोग्न भागातल्या फोर्टुनहून 1883 मध्ये तिथे हलवलेलं होतं. सकाळपर्यंत खाली राख उरली. आठशे वर्षं राळ आणि डांबर प्यायलेलं लाकूड. 1997 मध्ये त्याची हुबेहूब प्रत उभी राहिली. मी ती पाहिली. सगळं बरोबर आहे, माप बरोबर, सांधे बरोबर. सुतारांना ते करताना जे शिकायला मिळालं ते आता दुसऱ्या चर्चेसच्या दुरुस्तीला उपयोगी पडतं. तरी भिंतीवर हात ठेवल्यावर मी तो लगेच काढून घेतला.

त्यानंतर सरकार जागं झालं. देशाच्या वारसा संचालनालयाने 2001 ते 2015 अशी पंधरा वर्षं सगळ्या 28 चर्चेसच्या दुरुस्तीची मोहीम चालवली. नवं लाकूड घालायचं तर गाभ्याचंच हवं, हळू वाढलेल्या पाइनचं, दाट वलयांचं. जुने लोक झाडाचा शेंडा छाटून ते काही वर्षं तसंच उभं ठेवत, म्हणजे राळ खोडात भरे, असं सांगतात. यंत्राने कापलेली फळी चालत नाही, कारण करवत तंतू तोडते आणि पाणी आत शिरतं. कुऱ्हाडीने तंतूंच्या दिशेने तासलेली फळी पाणी झटकते. म्हणून सुतारांनी जुन्या लाकडावरचे घाव वाचले. कुऱ्हाड कुठल्या कोनात पडली, पातं केवढं होतं, हे त्या खुणांवरून काढून तशी हत्यारं घडवली.

आणि डांबर. पाइनची जुनी बुंध्यांची मुळं चिरून उतारावर रचायची, वरून गवताच्या ढेकळांनी बंद करायची आणि आत आग अशी ठेवायची की जळू नये, फक्त तापावी. खालच्या पन्हळीतून तपकिरी, मधासारखं डांबर गळतं. ते गरम करून कुंचल्याने भिंतीवर, कौलांवर, ड्रॅगनच्या मानेवर चोळायचं. दक्षिणेकडची बाजू उन्हाने लवकर कोरडी पडते, तिला लवकर पुन्हा लावावं लागतं. उत्तरेची बाजू जास्त दिवस जाते. एकदा लावलं आणि झालं, असं यात नाही. काही वर्षांनी पुन्हा, मग पुन्हा.

बोर्गुंडहून निघताना दक्षिणेच्या भिंतीवरचं डांबर उन्हाने मऊ पडलं होतं. उंबऱ्याच्या लाकडाखालच्या जोत्याच्या दगडांवर आधीच्या किती तरी वेळच्या कामांचे थेंब सांडलेले दिसत होते, एकावर एक, खालचे करडे, वरचे काळे. मी एका थेंबाला बोट लावलं. संध्याकाळी साबणाने घासूनही तो डाग निघाला नाही.